मुंबईच्या जॅझपरंपरेतील सॅक्सोफोनवादक : तीन जीवनक्रमांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील संगीताचा इतिहास मांडताना ख्यालगायकीची घराणी, नाट्यसंगीत, भावगीत आणि लोककला या चार चौकटी सामान्यतः स्वीकारल्या जातात. या चौकटींचे महत्त्व वादातीत आहे. तथापि त्यांपैकी कोणत्याही चौकटीत न बसणारा एक मोठा कलावंतवर्ग विसाव्या शतकात मुंबईत राहत होता, तेथेच उपजीविका करीत होता आणि त्याच्या वादनाचे स्वर खेड्यापाड्यांतील रेडिओपर्यंत पोहोचत होते. हा वर्ग म्हणजे हॉटेलांच्या बँडमध्ये आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजविणाऱ्या वादकांचा होय. यातील सॅक्सोफोनवादकांची स्थिती विशेष लक्षणीय आहे. त्यांचे वाद्य सर्वांनी ऐकले. वादकाचे नाव मात्र क्वचितच कोणाला ठाऊक झाले.

या विषयावर इंग्रजीत ग्रेगरी बूथ यांचा 'बिहाइंड द कर्टन' (२००८) आणि नरेश फर्नांडिस यांचा 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' (२०१२) हे महत्त्वाचे ग्रंथ उपलब्ध आहेत. मराठीत मात्र ही चर्चा तुरळकच झालेली आहे. प्रस्तुत लेखात मिकी कोरिया, मनोहारी सिंग आणि ब्राझ गोन्साल्विस या तीन सॅक्सोफोनवादकांच्या जीवनक्रमांचा विचार केला असून त्यामागील उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) मुंबईत जॅझ संगीत रुजण्यामागील सामाजिक व आर्थिक कारणे पाहणे.
२) हॉटेल, चित्रपटाचा स्टुडिओ आणि मैफलीचा रंगमंच या तीन कार्यक्षेत्रांनी वादकाच्या कलेला दिलेले वळण तपासणे.
३) वादकाच्या नावाची नोंद आणि त्याचा हक्क या प्रश्नाचा ऐतिहासिक संदर्भ स्पष्ट करणे.

वाद्याची पार्श्वभूमी

सॅक्सोफोन हे तुलनेने अर्वाचीन वाद्य आहे. बेल्जियममधील दिनाँ या गावी १८१४ मध्ये जन्मलेल्या अडॉल्फ सॅक्स या वाद्यनिर्मात्याने ते सिद्ध केले आणि १८४६ मध्ये पॅरिस येथे त्याचे पेटंट घेतले. वाद्याचे अंग पितळी असले तरी त्याचा नाद क्लॅरिनेटप्रमाणे मुखाशी बसविलेल्या एकेरी पत्तीच्या कंपनातून निर्माण होतो. म्हणून त्याची गणना पितळी वाद्यांत न होता काष्ठवाद्यांत होते. पितळेचा भरदारपणा आणि पत्तीचा मानवी कंठाशी जवळीक साधणारा लवचीकपणा असा दुहेरी गुण या वाद्यात आहे. आरंभी ते लष्करी बँडमध्ये स्थिरावले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंतांनी त्याला जॅझचे प्रमुख वाद्य बनविले. कोलमन हॉकिन्स, चार्ली पार्कर (१९२०-१९५५) आणि जॉन कोल्ट्रेन (१९२६-१९६७) ही या परंपरेतील अग्रगण्य नावे होत.

भारतात हे वाद्य लष्करी व पोलिसी बँड, संस्थानिकांचे बँड आणि जलसागृहे अशा मार्गांनी पसरले. पुढे लग्नाच्या वरातीतील ब्रास बँडने त्याला तालुक्याच्या गावापर्यंत नेले. वरातीत चित्रपटगीताची चाल सॅक्सोफोनवर ऐकणाऱ्या श्रोत्याला जॅझ हा शब्दही ठाऊक नसेल. पण त्या वाद्याचा भारतीय कानाशी झालेला परिचय यामुळे अधिक दृढ झाला, हे नाकारता येत नाही.

गोव्यातील संगीतशिक्षण आणि मुंबईकडील स्थलांतर

मुंबईच्या बँडसंस्कृतीचा पाया गोमंतकीय वादकांनी घातला. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचण्याचे, सामूहिक गायनाचे आणि व्हायोलिनवादनाचे शिक्षण मिळत असे. धार्मिक विधींसाठी दिलेले हे शिक्षण व्यवहारात एक कौशल्य ठरले. कागदावरील स्वरलिपी पाहताक्षणी वाजवू शकणारा वादक ब्रिटिश हिंदुस्थानातील कोणत्याही बँडला हवाच होता. गोव्यात उपजीविकेची साधने मर्यादित असल्याने अनेक तरुण मुंबईस आले. आपापल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या 'कूड' या सामूहिक निवासस्थानांत त्यांची सोय होत असे. धोबीतलाव व त्याच्या आसपासच्या वस्तीत अशा अनेक कूड होत्या. जहाजावरील खलाशी, स्वयंपाकी, शिंपी आणि वादक हे एकाच छपराखाली राहत.

मूकपटांच्या काळात चित्रपटगृहात पडद्यासमोर बसून वाजविण्याचे काम या वादकांना मिळत असे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात 'आलम आरा' हा बोलपट झळकला आणि हे काम संपुष्टात येऊ लागले. ज्या तंत्राने त्यांचा हा रोजगार हिरावला, त्याच तंत्राने पुढे ध्वनिमुद्रणाच्या रूपाने त्यांना नवा रोजगार दिला. मधल्या काळात त्यांचा मुख्य आधार हॉटेलांचा होता.

पहिला मुक्काम : हॉटेलातील बँड आणि मिकी कोरिया

१९३५ च्या हिवाळ्यात अमेरिकन व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात दाखल झाला. त्यांच्यानंतर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनी ही परंपरा चालविली. ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात काम केलेले क्लॅरिनेट व सॅक्सोफोनवादक रुडी जॅक्सन हेही याच काळात भारतात होते. अमेरिकेत वर्णभेदाचा जाच सोसणाऱ्या या कलावंतांना आशियातील शहरांत अधिक मानाचे काम मिळत होते. वेदरफर्ड पुढे कोलकात्यास गेले आणि १९४५ मध्ये तेथेच पटकीने त्यांचे निधन झाले.

या परदेशी कलावंतांचे ऐतिहासिक महत्त्व केवळ त्यांनी वाजविलेल्या संगीतात नाही. त्यांच्या निकट सहवासामुळे येथील वादकांना जॅझ हे छापील स्वरलिपीपलीकडचे संगीत आहे, याची जाणीव झाली. पाश्चात्त्य अभिजात संगीतात लिहिलेले तंतोतंत वाजविणे ही शिस्त असते. जॅझमध्ये लिहिलेल्या चालीवर त्या क्षणी नवी रचना उभी करावी लागते. चर्चच्या शाळेत शिकलेल्या वादकाला ही नवी विद्या कानाने, ध्वनिमुद्रिका पुन्हा पुन्हा ऐकून आणि शेजारी बसून शिकावी लागली. भारतीय संगीतातील तालमीशी तिचे साम्य सहज लक्षात येते.

याच सुमारास दुसरे महायुद्ध सुरू झाले. परदेशी बँड येणे दुरापास्त झाले आणि त्याच वेळी मुंबईत आलेल्या लष्करी अधिकाऱ्यांमुळे नृत्यसंगीताची मागणी वाढली. ही पोकळी देशी वादकांनी भरून काढली. सॅक्सोफोन व क्लॅरिनेटवादक मिकी कोरिया (१९१३-२०११) यांचा बँड १९३९ पासून सुमारे दोन दशके ताजमहाल हॉटेलात वाजत होता. एकाच व्यासपीठावर एवढा प्रदीर्घ काळ टिकणे हे बँडप्रमुखाच्या शिस्तीचे आणि व्यवहारकुशलतेचे द्योतक आहे. आपल्या बँडमधून त्यांनी पुढील पिढीतील वादकांना संधी दिली. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री ताजमहाल हॉटेलात झालेल्या स्वातंत्र्यसमारंभातही कोरिया यांच्या आणि ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्या बँडचे वादन झाले.

या काळातील नावांकडे पाहिले असता एक बाब ठळकपणे दिसते. चिक चॉकलेट यांचे मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ असे होते व ते गोव्यातील हळदोणे गावचे. रुडी कॉटन या नावाने ख्यातकीर्त झालेले सॅक्सोफोनवादक हे मूळचे कावसजी खटाव, म्हणजे मुंबईचे पारशी गृहस्थ होते. हॉटेलातील श्रोत्याला अमेरिकन वाटणारे नाव हवे होते आणि वादकाने ते धारण केले. आपल्या संगीताचा मान मिळविण्यासाठी आपले नाव बाजूला ठेवावे लागणे, ही या व्यवसायातील अनामिकतेची पहिली पायरी म्हणता येईल.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती झपाट्याने बदलली. ब्रिटिश अधिकारी परतले, अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबांनी स्थलांतर केले आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांच्या उत्पन्नाला मोठा फटका बसला. चर्चगेट परिसरातील उपाहारगृहांत संगीत चालू राहिले, तरी केवळ तेवढ्यावर सर्व वादकांचा चरितार्थ चालणे अवघड झाले. दिवसा स्टुडिओत आणि रात्री उपाहारगृहात वाजविणे हा अनेकांचा दिनक्रम बनला.

दुसरा मुक्काम : चित्रपटाचा स्टुडिओ आणि मनोहारी सिंग

हिंदी चित्रपटात जॅझचा प्रवेश घडविण्यात एका मराठी संगीतकाराचा वाटा मोठा आहे. पुणतांबे येथे जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र (१९१८-१९८२), यांनी चिक चॉकलेट यांच्या सहकार्याने नृत्यसंगीताचा नवा बाज निर्माण केला. भगवानदादांच्या 'अलबेला' (१९५१) या चित्रपटात चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. ज्यांच्या वादनावर चित्रपट उभा होता ते वादक प्रेक्षकांना प्रत्यक्ष दिसावेत, असा हा विरळा प्रसंग होय.

स्टुडिओतील कामाची पद्धती समजून घेणे येथे आवश्यक आहे. संगीतकार चाल मुख्यतः पेटीवर, सरगमच्या आधारे रचीत असे. तीस-चाळीस वादकांना ती एकत्र वाजविता यावी यासाठी पाश्चात्त्य स्वरलिपीत तिचे लेखन आणि वाद्यांची योजना करणारा संयोजक लागे. गाण्याच्या आरंभीचे व कडव्यांमधले संगीत पुष्कळदा याच टप्प्यावर आकार घेई. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांसारख्या गोमंतकीय वादकांनी ही जबाबदारी सांभाळली. सॅक्सोफोनवादकासमोर आणखी एक अडचण असे. आल्टो सॅक्सोफोन कोमल गांधाराच्या, तर टेनर सॅक्सोफोन कोमल निषादाच्या पट्टीत बांधलेला असल्याने कागदावर लिहिलेला स्वर आणि प्रत्यक्ष ऐकू येणारा स्वर वेगळा असतो. म्हणून त्याच्यासाठी स्वतंत्र लेखन करावे लागते, किंवा वादकाला मनातल्या मनात पट्टी बदलावी लागते.

या क्षेत्रात सॅक्सोफोनला सर्वाधिक प्रतिष्ठा मिळवून देणारे कलावंत म्हणजे मनोहारी सिंग. त्यांचा जन्म ८ मार्च १९३१ रोजी कोलकाता येथे एका नेपाळी कुटुंबात झाला. बाटानगर येथील बाटा कंपनीच्या बँडमध्ये हंगेरियन संगीतज्ञ जोसेफ न्यूमन यांच्या हाताखाली ते तयार झाले. बासरी, क्लॅरिनेट, मँडोलिन आणि सॅक्सोफोन या वाद्यांवर त्यांनी प्रभुत्व मिळविले. कोलकात्यातील फिर्पो या प्रसिद्ध उपाहारगृहात त्यांनी वादन केले. संगीतकार सलील चौधरी यांच्या प्रोत्साहनाने १९५८ मध्ये ते मुंबईस आले आणि सचिनदेव बर्मन यांच्या 'सितारों से आगे' या चित्रपटापासून त्यांच्या येथील कारकिर्दीस आरंभ झाला.

'कश्मीर की कली' (१९६४) मधील महंमद रफी यांनी गायिलेल्या मद्यधुंद नायकाच्या गीतात त्यांचा सॅक्सोफोन गायकाला जणू उत्तर देत जातो. 'गाइड' (१९६५), 'आरजू' (१९६५) आणि 'ज्वेल थीफ' (१९६७) या चित्रपटांतही त्यांचे वादन ऐकावयास मिळते. 'आराधना' (१९६९) मधील एकाच सलग चित्रणात साकारलेल्या किशोरकुमारांच्या गीताची उत्कटता बरीचशी त्यांच्या सॅक्सोफोनवर आणि केर्सी लॉर्ड यांच्या अ‍ॅकॉर्डियनवर अवलंबून आहे. हॉटेलातील जॅझवादकाला एका चालीवर कितीही काळ विस्तार करण्याची मुभा असते. स्टुडिओत त्याच्या वाट्याला काही सेकंद येतात. त्या काही सेकंदांत गीताचा भाव सांगून बाजूला होणे, ही मनोहारी सिंग यांची खरी सिद्धी होय. ओठांच्या दाबात सूक्ष्म बदल करून त्यांनी मींडेचा आभास निर्माण केला आणि जॅझचे वाद्य हिंदी गीताच्या प्रकृतीशी एकरूप केले.

राहुलदेव बर्मन यांचे सहायक व संयोजक म्हणून बासुदेव चक्रवर्ती यांच्यासह त्यांनी दीर्घकाळ काम केले. बासु-मनोहारी या नावाने 'सबसे बडा रुपैया' (१९७६) या चित्रपटाला या जोडीने स्वतंत्र संगीतही दिले. १३ जुलै २०१० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

तिसरा मुक्काम : मैफलीचा रंगमंच आणि ब्राझ गोन्साल्विस

हॉटेलात श्रोता जेवत असतो आणि स्टुडिओत श्रोता नसतोच. जॅझवादकाला केवळ ऐकण्यासाठी आलेला श्रोता मिळावा, ही आकांक्षा मुंबईत १९५० नंतर बळावली. निरंजन झवेरी यांनी १९५२ मध्ये 'ब्लू रिदम' हे जॅझविषयक नियतकालिक सुरू केले. डेव्ह ब्रूबेक (१९५८), ड्यूक एलिंग्टन (१९६३) आणि लुई आर्मस्ट्राँग (१९६४) यांचे भारतात कार्यक्रम झाले. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकन शासनाने जॅझचा सांस्कृतिक राजनयासाठी उपयोग केला, हे त्यामागील एक कारण होते.

याच कालखंडात जॅझ आणि भारतीय संगीत परस्परांजवळ येत होते. १९५९ च्या सुमारास अमेरिकन जॅझमध्ये सतत बदलणाऱ्या स्वरसंघांऐवजी एकाच स्वरसप्तकावर दीर्घ विस्तार करण्याची पद्धती पुढे आली. आधारस्वर स्थिर ठेवून विस्तार करणे ही तर रागसंगीताची मूळ प्रकृती. जॉन कोल्ट्रेन यांना रविशंकर यांच्या वादनाविषयी एवढा आदर होता की, १९६५ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाचे नाव त्यांनी रवी ठेवले. थोर सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स हे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत पवई येथील आश्रमात काही महिने राहिले होते.

गोव्यातील नेवरा या गावी १९३४ मध्ये जन्मलेले ब्राझ गोन्साल्विस यांची कारकीर्द या संधिकाळात फुलली. हॉटेल आणि उपाहारगृहांतील बँड हीच त्यांचीही कर्मभूमी होती. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर पियानोवादक लुई बँक्स आणि गायिका पॅम क्रेन यांच्यासमवेत त्यांनी वादन केले. चिक चॉकलेट यांच्या कन्या, गायिका इव्हॉन, या त्यांच्या पत्नी. हॉटेलातील बँडच्या पहिल्या पिढीशी त्यांचे असे दुहेरी नाते होते. मात्र त्यांची दृष्टी त्या पिढीहून भिन्न होती. अमेरिकन जॅझचे हुबेहूब अनुकरण करण्यात त्यांना स्वारस्य उरले नव्हते. १९७० मध्ये निघालेल्या 'रागा रॉक' या ध्वनिमुद्रिकेतून त्यांनी रागाच्या स्वरांवर आधारलेली रचना पाश्चात्त्य वाद्यमेळात मांडली. झवेरी यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये मुंबईत 'जॅझ यात्रा' हा महोत्सव सुरू झाला. सॉनी रोलिन्स यांचेही त्यात वादन झाले. गोन्साल्विस आणि लुई बँक्स यांच्या इंडो-जॅझ प्रयोगांना या महोत्सवाने व्यासपीठ दिले व पुढे ते परदेशातील रंगमंचांवरही पोहोचले.

सॅक्सोफोनवर राग वाजविण्यात तांत्रिक अडचण अशी की, या वाद्याच्या कळा स्वराची जागा निश्चित करतात, तर रागाचे सौंदर्य दोन स्वरांमधील प्रवासात असते. गोन्साल्विस यांनी राग हा विस्ताराचा आधार मानला आणि जॅझची लय व उत्स्फूर्तता कायम ठेवली. कर्नाटक संगीतातील कद्री गोपालनाथ (१९४९-२०१९) यांनी याच्या उलट मार्ग स्वीकारला. त्यांनी वाद्यातच बदल करून ते गमकांना अनुकूल केले आणि संपूर्ण शास्त्रीय चौकटीत वाजविले. १९८० मध्ये मुंबईच्या जॅझ महोत्सवात अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन हँडी यांच्यासमवेत त्यांचे वादन झाले, ही घटना या दोन मार्गांच्या भेटीचे प्रतीक ठरते.

नाव आणि हक्क यांचा प्रश्न

तिन्ही जीवनक्रम एकत्र पाहिले असता त्यांना जोडणारा प्रश्न कलेइतकाच श्रमाचाही आहे. ध्वनिमुद्रणात वादकाला पाळीप्रमाणे मोबदला मिळे आणि तेथेच त्याचा संबंध संपे. गीत पुढे कितीही वर्षे वाजत राहिले तरी त्यात त्याचा वाटा नसे. पार्श्वगायकांचीही स्थिती आरंभी अशीच होती. 'महल' (१९४९) मधील लता मंगेशकर यांच्या विख्यात गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून चित्रपटातील पात्राचे, कामिनीचे, नाव छापले होते. गायकांनी आपल्या नावासाठी आग्रह धरला. १९५९ मध्ये फिल्मफेअर पुरस्कारांत पार्श्वगायनाचा समावेश झाला. वादकांना असे यश लाभले नाही. संयोजकाचे नाव झालेच तर 'सहायक' म्हणून झळके. सॅक्सोफोन कोणी वाजविला हे श्रेयनामावलीत येत नसे.

भारतीय कायद्याने कलावंताचे स्वतंत्र हक्क १९९४ च्या प्रताधिकार दुरुस्तीने मान्य केले. त्यातील कलावंताच्या व्याख्येत वादकाचाही समावेश आहे. २०१२ च्या दुरुस्तीने हे हक्क अधिक विस्तृत करून व्यावसायिक वापरातील स्वामित्वधनाची तरतूद केली. परंतु तोपर्यंत या पिढीचा कार्यकाल जवळजवळ संपला होता. १९८० च्या दशकापासून सिंथेसायझरने मोठ्या वाद्यवृंदाची गरज कमी केली आणि स्टुडिओतील सामूहिक वादनाची संस्कृती लयाला गेली.

या अनामिकतेचे सर्वांत बोलके उदाहरण सॅक्सोफोनवादकाचे नसून एका व्हायोलिनवादकाचे आहे. संगीतकार प्यारेलाल यांनी आपले गुरू अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) यांचे नाव 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधील गीतात गुंफून गुरुऋण व्यक्त केले. ते नाव देशभर सर्वतोमुखी झाले. पण माजोर्डा गावचा तो संगीतज्ञ खरोखर हयात आहे, याची कल्पना ते गीत गुणगुणणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना होती.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, मुंबईतील जॅझ ही केवळ उच्चभ्रूंच्या करमणुकीसाठी आयात केलेली वस्तू नव्हती. गोव्याच्या चर्चमधील शिक्षण, अमेरिकन कृष्णवर्णीय कलावंतांचा सहवास, महायुद्ध, दारूबंदी आणि बोलपट या घटकांच्या एकत्रित परिणामातून ती येथे घडली. मिकी कोरिया यांनी तिला शिस्तबद्ध व्यावसायिक आधार दिला, मनोहारी सिंग यांनी ती कोट्यवधी श्रोत्यांच्या कानापर्यंत नेली आणि ब्राझ गोन्साल्विस यांनी तिला भारतीय संगीताशी समान पातळीवर संवाद साधावयास लावले. यांपैकी पहिल्याला निश्चित व्यासपीठ मिळाले, पण त्याचे संगीत बहुतांशी त्या रात्रींबरोबरच विरले. दुसऱ्याचे संगीत टिकले, पण त्याच्या नावाशिवाय. तिसऱ्याला स्वतःच्या नावाने वाजविता आले, परंतु श्रोतृवर्ग मर्यादित राहिला. कला, कीर्ती आणि लोकाश्रय या तिन्ही गोष्टी एकत्र देणारी व्यवस्था या वादकांच्या वाट्याला आली नाही.

म्हणूनच संगीताच्या इतिहासात गायक व संगीतकार यांच्याबरोबर वादकांची नोंद होणे ही केवळ सौजन्याची बाब नसून ऐतिहासिक सत्याची गरज आहे. स्टुडिओतील स्वरलेखनाची बाडे, हॉटेलांच्या जुन्या जाहिराती, वादकांच्या कुटुंबांकडील छायाचित्रे आणि वृद्ध वादकांच्या मौखिक आठवणी ही या इतिहासाची साधने होत. ती नाशवंत आहेत. त्यांचे संकलन महाविद्यालयीन पातळीवरील संशोधन प्रकल्पांतूनही होऊ शकते. कारण सॅक्सोफोन महानगरापुरता कधीच मर्यादित नव्हता, आणि वरातीच्या बँडमध्ये तो वाजविणाऱ्या वादकाचे नावही अद्याप कोणी लिहून ठेवलेले नाही.